चौसष्ट नंबरचा कब्जा

फुफू आमच्याकडे दुबईला येऊन दोनेक महिने झाले असतील, तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर अमेरिका राहायला आली. पण अमेरिकेआधी फुफूचं सांगायला हवं, कारण तिच्याआधी दुसऱ्या कुणाचं काही सांगितलेलं तिला आयुष्यभर खपलं नाही. हलीमाफुफू ही अब्बांची थोरली बहीण. अब्बांची आई लवकर गेली आणि त्यांना हिनंच वाढवलं, त्यामुळे खाडीवरच्या व्यापाऱ्यांशी लाँचच्या इंजिनांच्या भावावरून दिवसभर हुज्जत घालणारे माझे अब्बा तिच्यापुढे मात्र "हो आपा" आणि "बरं आपा" एवढ्यावरच भागवत. ती मुंबईच्या बोटीनं आली ती रत्नागिरीकडच्या आमच्या गावाहून नारळांचं पोतं, सुके बोंबील, आमसुलं आणि एक बेत घेऊन. बेत असा, की परत जाताना मला बरोबर न्यायचं.

याचं कारण तिचे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण ते ती कबूल करायची नाही. "पडदा आलाय जरासा, डोळे शाबूत आहेत," असं म्हणायची. ऑपरेशनचं नाव काढलं की ती कानात बोटं घालायची. माणूस ती पावलांवरून ओळखे, मासळी वासावरून, तांदळातला खडा बोटांनी. बाकी सगळं अंदाजपंचे. एकदा खुंटीला टांगलेल्या अब्बांच्या कोटाला तिनं "जेवलास का रे?" असं विचारलं आणि कोट बोलेना म्हणून संध्याकाळपर्यंत त्याच्यावर रुसून बसली. गावात ती एकटी राहत असे. विहीर, चूल, कोंबड्या आणि हा पडदा. तिला घरात दोन धडके डोळे हवे होते आणि ते माझ्या तोंडावर आयते बसवलेले होते. मी सातवीत होते. आमच्या लोकांच्या मुलांसाठी नुकतीच शाळा निघाली होती, तिथं मी जात असे, आणि शाळा मला भलतीच आवडे. रमजानची ईद झाली की फुफूची बोट होती. त्या बोटीवर मी चढले की माझी शाळा कायमची संपली, हे घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. अब्बा "बरं आपा" म्हणून मोकळे झाले होते. नणंदेपुढे तोंड उघडायची अम्माची पद्धत नव्हती. ती फक्त घावणे पूर्वीपेक्षा जास्त करपवू लागली.

आमचं घर दुबईच्या देरा भागात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. अब्बांनी ते एका अरबाकडून भाड्यानं घेतलेलं, आणि वरचा मजला ते पुढं भाड्यानं देत. सकाळ उजाडे ती पाणीवाल्याच्या गाढवावरच्या डब्यांच्या खडखडाटानं, मग लाँचींची इंजिनं धडधडू लागत आणि त्यांच्या डिझेलचा वास थेट आमच्या चहात उतरे. दुपारी सगळं चिडीचूप होई. पुरुष बाहेर, दुकानांच्या फळ्या पडलेल्या, अंगणात फक्त सुकत घातलेल्या मासळीवरच्या माश्या. अशाच एका दुपारी वरच्या मजल्यावरून एक उंच, सोनेरी केसांची, उन्हानं नाक सोललेली बाई हातात केकची थाळी घेऊन जिना उतरून आली. ती कॅरल. तिचा नवरा तेलाच्या कंपनीत होता आणि पंधरा-पंधरा दिवस वाळवंटात असे. बाई वर एकटी. तिनं केक पुढं केला आणि भडाभडा इंग्रजी बोलली. शाळेतलं माझं इंग्रजी "धिस इज अ पेन"च्या थोडं पुढं गेलेलं होतं, तेवढ्या बळावर मला घरानं दुभाषी नेमलं. फुफूनं पहिला प्रश्न विचारला तो केकमध्ये चरबी कसली घातलीय हा. मी तो विचारला. कॅरल बिचारी वर जाऊन लोण्याचा डबाच घेऊन आली. फुफूनं डब्याचा वास घेतला, केकचा वास घेतला, आणि मग तीन तुकडे खाल्ले. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं "वरची".

तर या वरचीचा मुलगा डॅनी तिकडे अमेरिकेत कॉलेजात होता. कॉलेज अगदी लहान, मक्याच्या शेतांमधल्या कुठल्याशा गावातलं. कॅरल स्वतःच हसून म्हणे की त्याचं नाव शेजारच्या गावालाही माहीत नाही. डॅनी कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये खेळे आणि कॅरलचा भाऊ त्याच टीमच्या मास्तरांच्या हाताखाली होता. मास्तर लोक प्रत्येक मॅचची फिल्म काढत, पोरांच्या चुका दाखवायला. सीझन संपला की त्या फिल्मचा कुणाला उपयोग नसे, म्हणून हा भाऊ पत्र्याच्या गोल डब्यांत घालून त्या बहिणीला पाठवी. डॅनीला तिनं दोन वर्षं पाहिलं नव्हतं. पत्र लिहिण्याचा त्याला कंटाळा. म्हणजे मुलगा दिसायचा तो या डब्यांतच. एकटीनं किती बघणार? तिनं आम्हाला वर बोलावलं.

दर गुरुवारी दुपारी, शाळा लवकर सुटे तेव्हा, आमचा शो असे. प्रेक्षक म्हणजे फुफू, अम्मा, मी आणि शेजारची जमिलाखाला. जमिलाखाला रायगडकडची, म्हणून फुफूचा तिच्याशी उभा दावा. फुफूनं माशाला कोकम म्हटलं की ती चिंच म्हणायची. कॅरल खिडक्यांवर ब्लँकेटं ठोके, भिंतीवर चादर ताणे, आणि आम्हाला वाडगा भरभरून मक्याच्या लाह्या देई, त्याही खारट. प्रोजेक्टर तिच्या नवऱ्याचा, जुनापुराणा. त्यानं वाळवंटात जाताना तिला एकच ताकीद दिली होती आणि ती तिनं माझ्याकडून सगळ्यांना सांगवली: फिल्म पुढं चालवा, उलटी मागं चालवा, पण दिवा पेटलेला असताना मध्येच थांबवू नका, जळेल. फुफूला तिनं सगळ्यांत पुढची खुर्ची दिली होती, चादरीपासून हातभर अंतरावर. तिथून फुफूला काय दिसे ते अल्लाला ठाऊक. मला वाटतं, पांढऱ्यावर काहीतरी काळं हलतंय एवढंच. पण ती मान ताठ करून, अधूनमधून "हां", "बरोबर" म्हणत बघे, आणि खालच्या आवाजात मला विचारी, "आता काय झालं ग?"

आता काय झालं ते मला तरी कुठं कळत होतं! हा फुटबॉल पायानं खेळायचा नव्हता. आमच्याकडची पोरं खाडीकाठी वाळूत खेळत तो वेगळा. इथं दोन्हीकडची आडदांड माणसं डोक्यावर भांडी घालून समोरासमोर ओणवी होत आणि एकदम एकमेकांवर आदळत. बॉल नारळासारखा, तोही न सोललेल्या. आवाज नाही, रंग नाही, फिल्म उंचावरून काढलेली, माणसं बोटाएवढी. कॅरल समजावून सांगे ते मला निम्मं कळे, उरलेलं निम्मं मी घरचं घालून पुरवे. चार वेळा आदळायची परवानगी असते, तेवढ्यात इतकी इतकी जागा पुढं सरकायचं, नाही सरकलं तर बॉल दुसऱ्यांचा, एवढं मी कसंबसं सांगितलं. तेवढ्यात चादरीवर दोन माणसं काठ्या घेऊन मैदानात धावत आली. काठ्यांना साखळी बांधलेली. साखळी ताणली, एकजण खाली वाकून बघू लागला, आणि दोन्हीकडचे पैलवान कमरेवर हात ठेवून भोवती उभे राहिले. मी हे सगळं फुफूला सांगितलं. फुफू खुर्चीत सरळ झाली.

"अगं, ही तर मोजणी!" ती ओरडली. "मोजणीदार साखळी घेऊन आलाय! जमिनीचा तंटा आहे हा, आणि मला मघापासून सांगतात खेळ आहे."

त्या क्षणापासून सीझन फुफूच्या ताब्यात गेला. कारण जमिनीचा तंटा या विषयात तिला शिकवणारा जन्माला यायचा होता. तिच्या सासरच्या भाऊबंदांनी बांध कोरत कोरत तिची आंब्याची कलमं गिळली होती. केस कोर्टात उभी राहिली तेव्हा वकिलानं तिला सांगितलं होतं, एवढंच म्हणा की हद्दीचा दगड मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. दगड होता, हे गावाला माहीत होतं. पण फुफूनं तो स्वतः पाहिलेला नव्हता. ती म्हणाली, "जे मी पाहिलं नाही ते पाहिलं म्हणणार नाही," आणि तिथल्या तिथं केस हरली. कलमं गेली. ही गोष्ट ती आल्यागेल्याला सांगे, पाणीवाल्यालाही सांगे, त्याला मराठीचा गंध नसताना. दर आंब्याच्या मोसमात ती त्या कलमांसाठी रडे, आणि आपण खोटी साक्ष दिली नाही म्हणून परत मान ताठ करी. अब्बा आम्हाला समजावत, की फुफूनं "मी पाहिलं" म्हटलं तर ते हायकोर्टाच्या वर.

तर आता फुफूला सगळं स्वच्छ समजलं. एकीकडे आपण, दुसरीकडे भाऊबंद. ते बांध कोरणार, आपण अडवणार. दर वेळी आदळायच्या आधी पोरं गोल करून, माना खाली घालून उभी राहत, तेव्हा फुफू म्हणे, "दुआ करतायत, चांगल्या घरची आहेत." मी ते कॅरलला सांगितलं, तर ती इतकी हसली की लाह्या घशात अडकल्या; तिथं ते पुढचा डाव ठरवतात म्हणे. फुफूला मी हे सांगितलं नाही. चांगल्या घरच्या पोरांचं वाईट कशाला करा? आणि आमची टीम हरे. हटकून हरे. फुफूला त्याचं आश्चर्य वाटत नसे. "खरेपणानं खेळतायत ना, मग हरणारच," ती म्हणे आणि कलमांची गोष्ट पुन्हा सुरू होई.

अडचण एकच होती. डॅनीचा नंबर चौसष्ट. चेहरा भांड्यात, माणूस बोटाएवढा, तरी कॅरलला तो बरोबर सापडे. नंबर दिसायच्या आधीच ती "दॅट्स माय डॅनी!" म्हणून ओरडे. मी अम्माला विचारलं, हिला कसं कळतं? "चालीवरून," अम्मा म्हणाली, "आईला कळतं." पण या चौसष्टच्या हाती बॉल कधी म्हणजे कधीच येत नसे. तो दर वेळी समोरच्या माणसावर आदळे, त्याला ढकले, चिखलात पडे, उठे, पुन्हा ओणवा होई. त्यानं मोकळ्या केलेल्या वाटेनं दुसराच कुणीतरी बॉल घेऊन पळे. तीन गुरुवार झाले, चार झाले.

"याला बॉल का देत नाहीत?" जमिलाखालानं विचारलं. "काही गुन्हा केलाय का?"

मी कॅरलला विचारलं. ती म्हणाली, त्याचं कामच ते, वाट करून द्यायचं, त्याच्या जागेवरच्या माणसाला बॉल देतच नाहीत. सगळं सांगितलं तिनं, पण सांगताना तिचा आवाज जरा बारीक झाला. शाळेत असल्यापासून तो खेळतोय, म्हणाली, आणि एकदाही त्याला हातात बॉल घेतलेलं मी पाहिलं नाही. हा त्याचा शेवटचा सीझन.

"वा! हाणामारीला हा आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं," फुफू म्हणाली. तिला ते मनापासून लागलं होतं.

माझा नातू अयान, याच्याच आग्रहावरून मी हे लिहितेय, परवा अल रीम बेटावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मला मोबाइलवर हा खेळ दाखवत होता. रंगीत, आवाजासकट. मी त्याला म्हटलं, अरे, मोजणीदार कुठं गेले? तो म्हणाला, "नानी, दॅट्स द चेन क्रू, अँड यू वेअर वॉचिंग लाइक, द लोएस्ट डिव्हिजन एव्हर." असेल बाबा. आम्हाला कुठं माहीत होतं की याच्या वर आणखी काही असतं! आम्हाला तोच दरबार होता.

रमजान तोंडावर आला तशी माझी झोप उडाली. एका दुपारी फुफू अंगणात माझ्याकडून डोक्याला तेल घालून घेत होती. मनात बळ आणून मी म्हटलं, "फुफू, मला इथंच राहू दे ना. मला शिकायचंय." अम्मा चुलीपाशी सांदणांचं पीठ ढवळत होती, तिचा हात थांबला. जमिलाखाला उंबऱ्यावर बसली होती. फुफू मोठ्यानं हसली.

"राहा की! ज्या दिवशी त्या चौसष्टच्या हातात बॉल येईल, त्या दिवसापासून तू इथंच राहा. शाळेत जा, कॉलेजात जा, नाहीतर अमेरिकेत जा. मी अडवणार नाही."

जमिलाखाला हसली. मलाही कळलं की हे 'नाही'च आहे, फक्त लांबलचक. पण अब्बा तेवढ्यात जेवायला घरात शिरत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिसरं वाक्य उच्चारलं. "ठरलं हं आपा," ते म्हणाले, "मी ऐकलंय." आणि चपला काढून, काही घडलंच नाही असा चेहरा करून हात धुवायला गेले.

त्या संध्याकाळी अम्मानं मलिद्याची न्याज बोलली. चौसष्टच्या हाती बॉल आला तर मलिदा करून फातेहा देईन, असं मगरिबच्या नमाजनंतर ती पुटपुटली ते मी ऐकलं, आणि जमिलाखालानंही ऐकलं, कारण तिला ऐकू येत नाही असं काही नव्हतंच. "शहाणी आहेस का?" ती म्हणाली. "त्या मॅचा कधीच होऊन गेल्यात. डब्यात बंद आहेत. आता दुआ करून काय उपयोग? जे झालं ते झालं, खलास."

"अल्लाला कसलं आलंय काल नि उद्या?" अम्मा म्हणाली आणि सांदणांना वाफ द्यायला उठली. एवढं उलट बोलताना मी तिला प्रथमच पाहिलं.

रोज्यांच्या महिन्यात शो बंद होते, म्हणून शेवटचा डबा ईदनंतरच्या गुरुवारी निघाला. बोट दोन दिवसांवर आली होती. माझी पत्र्याची पेटी भरून जिन्याखाली ठेवलेली होती. तिच्याशेजारून मी वर गेले. फिल्मवर पाऊस होता की चिखल की दोन्ही, कळत नव्हतं. सगळी माणसं एका रंगाची झालेली. नंबर दिसेनात. कॅरल मात्र बोट दाखवत होती, "देअर, देअर!" आमची टीम रीतीप्रमाणे हरत होती. फुफू "आता काय झालं ग?" विचारत होती आणि मी "आदळले", "पडले", "उठले" एवढंच सांगत होते. अम्मानं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं आणि तिचे ओठ हलत होते. रीळ जवळजवळ संपत आलं होतं, चाकावर थोडीशीच फिल्म उरलेली दिसत होती.

आणि आमच्याच बॉल घेऊन पळणाऱ्या पोराच्या हातातून बॉल निसटला. चिखलात पडला, वेडावाकडा उडाला, आणि कुणीतरी त्याच्यावर झेप घेतली. कॅरल किंचाळली. "डॅनी! इट्स डॅनी!" तो पडला, त्याच्यावर दहाजण पडले, आणि तिथंच त्या फिल्मवाल्यानं कॅमेरा बंद केला. पुढच्या क्षणी सगळे परत ओणवे.

"आला! बॉल आला त्याच्याकडे!" मी खुर्चीवरून उडी मारली.

"हातात?" फुफूनं विचारलं.

"पोटाखाली," जमिलाखाला म्हणाली. "मी बघितलं. पोटाखाली घेऊन पडला."

"नाही, हातातच! आधी हातात, मग पोटाखाली!" मी म्हटलं.

"फुफू हातात म्हणाली होती. पोट म्हणजे हात नव्हे," जमिलाखाला म्हणाली. तिच्या मनात माझं वाईट नव्हतं, फक्त फुफूच्या तोंडच्या शब्दाला पकडायची संधी तिला सोडवत नव्हती.

"कब्जा कुठल्या क्षणाला झाला ते बघायला हवं," फुफू गंभीरपणे म्हणाली. "मागं घे म्हणावं तिला."

कॅरलनं फिल्म उलटी चालवली. दहा माणसं ढिगातून एकेक करून उडाली, खालचा पोरगा चिखलातून उभा झाला, बॉल पळणाऱ्याच्या हातात परत गेला. पुन्हा पुढं. पुन्हा मागं. कॅरलला हा वाद कशाचा चाललाय ते माहीत नव्हतं. तिला वाटलं, आम्हाला तिच्या मुलाचं कौतुक आवरत नाहीये, आणि ती रडत रडत हसत होती. झेप घेतलेल्या त्या पोराचे हात पुढं, बॉल हातांच्या मध्ये की हातांच्या खाली, आणि लगेच छाती त्याच्यावर.

"थांबव!" फुफू ओरडली. "तिथंच थांबव!"

"स्टॉप!" मी म्हटलं.

आणि कॅरलनं थांबवलं. नवऱ्याची ताकीद त्या घटकेला कुणालाच आठवली नाही. चादरीवर ते चित्र क्षणभर थरथरत उभं राहिलं, मग मधोमध एक तपकिरी ठिपका उमटला, पसरला, त्याला फोड आले, आणि नुसता पांढरा उजेड राहिला. जळक्या वासानं खोली भरली. कॅरलनं घाबरून फिल्म ओढली तशी ती तुटली.

अम्मानं खिडकीवरचं ब्लँकेट ओढून काढलं. कॅरल ती पट्टी उजेडात धरून बघत होती. नेमका तेवढाच तुकडा वितळून गोळा झाला होता. इकडे तो झेप घ्यायच्या आधीचा, तिकडे माणसांचा ढीग. मधलं गेलं. ती जमिनीवरच बसली. माझ्याकडे बघून हळू आवाजात तिनं विचारलं, त्याच्या हातात होता का? मला अश्रूंमुळे नीट दिसलंच नाही. तुमच्यापैकी कुणी पाहिलं का?

मी तिचा प्रश्न सगळ्यांना सांगितला. अम्मानं मान खाली घातली; ती सगळा वेळ डोळे मिटून दुआ करत होती. जमिलाखालानं तोंड उघडलं, मग कॅरलकडे बघून मिटलं. माझी साक्ष तर धरायलाच नको होती. खाली खाडीत कुठलीशी लाँच धडधडत गेली.

"सांग तिला," फुफू म्हणाली, "मी पाहिलं."

अम्मानं मान वर केली.

"दोन्ही हातांत होता. डावा हात वर, उजवा खाली. घट्ट धरला आणि मग छातीशी घेतला. पुरता कब्जा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सांग, सांग तिला, बघतेस काय माझ्याकडे?"

मी सांगितलं. कॅरल तशीच गुडघ्यांवर सरकत आली आणि तिनं फुफूच्या मांडीवर डोकं ठेवलं. फुफू चाचपत चाचपत तिचे केस कुरवाळू लागली. "बस, बस," ती म्हणत होती. "हबीबी, खलास. झालं ना? मिळाला ना त्याला?"

थोड्या वेळानं ती खुर्चीवरून उठली. अम्मा समजून जमिलाखालाकडेच तोंड करून म्हणाली, "नारळ फोडायला घे. मलिदा बोललीयस ना? मला काय ठाऊक नाही?" मग मला म्हणाली, "आणि तू ती पेटी उपसून ठेव. शाळा बुडवायची नाही."

जिना उतरताना तिचं कोपर धरायचं काम माझं होतं. मी नेहमीसारखा हात पुढं केला. तिनं तो झटकला.

"सोड," ती म्हणाली. "मला दिसतंय."

असं म्हणून ती निघाली, दाराच्या चौकटीवर खांदा आपटला, "ही इथं कुणी आणून ठेवली?" म्हणून चौकटीलाच दरडावलं, आणि एकेक पायरी पायानं चाचपत एकटी खाली गेली.